कव्हरवरची बाई

विहंगनं व्हिडिओ सत्तेचाळिसाव्या सेकंदाला थांबवला, हेडफोन मानेवर ओढला आणि खुर्ची मागे फिरवली.

"हे पाह्य. गाण्याचा ठोका इथं पडते, अन् सुताची लडी पाण्यात पडते ती इथं. अर्धा सेकंद उशीर. कापावं लागन."

मेघानं मांडीवरच्या लॅपटॉपवरून मान वर केली. पडद्यावर खाप्याच्या घाटावरची ती बाई थांबली होती. गुडघाभर पाण्यात उभी, दोन्ही हात डोक्यावर, आणि हातातल्या ओल्या निळ्या सुताच्या लडीतून उडालेलं पाणी हवेत तसंच अडकलेलं.

"कापू नको. राहू दे तो उशीर. तिचा हात दमलेला दिसते त्याच्यानं."

"अंकुशले तू सांग मग."

नागपूरच्या प्रताप नगरातली ही वरच्या मजल्यावरची खोली विहंगची होती. तिघंही एकाच कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. अंकुश गाणी लिहायचा आणि गायचा, विहंग व्हिडिओ करायचा, मेघा चित्रं. अंकुशच्या पाच गाण्यांच्या अल्बमचं नाव होतं 'काठ', आणि तोच तिघांचा शेवटचा प्रकल्पही होता. व्हिडिओ रविवारी यायचा होता. कव्हर मात्र त्यांनी दोन दिवसांपूर्वीच टाकलं होतं आणि तेव्हापासून मेघाचा फोन शांत नव्हता. नदी, ओला दगड, आणि हिरव्या साडीत वाकलेली, पाठमोरी, मान जराशी वळवलेली ती बाई. एवढंच. चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं होतं. कुणीतरी खाली लिहिलं होतं की पाण्याचा आवाज ऐकू येतो.

फोन वाजला. अल्बमच्या पानावर मेघाचाच नंबर होता, त्यामुळे अनोळखी नंबरांची तिला आता सवय झाली होती.

"हॅलो, 'काठ'वाले का जी?" पुरुषाचा आवाज. सावकाश, अदबीचा.

"हो, बोला."

"मी देवानंद बोलतो, तुमसरवरून. तुमचा तो फोटो पाहिला. सुंदर आहे. कोनी काढला?"

"मीच काढला."

"वा. त्या बाईचं नाव काय जी?"

घाटावर मेघानं विचारलं होतं, काकू, फोटो काढू का? बाई हसली होती. काढ न वं, माहा फोटो कोन पाहते? नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"नाव नाही माहीत," ती म्हणाली.

"मीरा असन. माही घरवाली आहे ती. दीड वर्ष झालं, घर सोडून गेली. डोक्यानं जराशी कमी आहे. घरी पोरगी रडते."

"पण फोटोत चेहरा तर पूर्ण दिसत नाही."

"मानेवरून ओळखते न मानूस. एकच अडचण आहे, ताई, म्हणून फोन केला. मीराच्या उजव्या हातावर भाजल्याचा डाग आहे. कोपरापासून मनगटापर्यंत. तेल सांडलं होतं. तुमच्या फोटोतला हात तर साफ आहे."

मेघानं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला.

डाग होता. 'काठ' ही अक्षरं त्याच हाताच्या बाजूला यायची होती आणि डाग नजर खेचून घेत होता. गेल्या रविवारी दुपारी तिनं कोपराच्या वरची कातडी उचलून त्याच्यावर पसरली होती. वीस मिनिटांचं काम. मग कडा मऊ केल्या होत्या, आणि आपलं काम आपल्यालाच ओळखू येत नाही याचं तिला बरं वाटलं होतं.

"ताई, आहे का लाइनवर?"

"हो."

"डाग होता का तिच्या हातावर?"

"नाही," मेघा म्हणाली. "नव्हता."

"मंग ती नसनही. पण पाहून घेऊ. तुमच्या त्या गाणाऱ्या पोरानं खाली लिहिलं आहे, खापा, कन्हान नदी म्हणून. उद्या सकाळी जातो म्हणतो. लहान गाव आहे, विचारलं तर कोनी सांगतेच."

विहंग आता तिच्याकडे बघत होता. मेघाच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं तेव्हा ते कुठून आलं हे तिला स्वतःलाही कळलं नाही.

"खाप्यात कोणी सापडणार नाही तुम्हाला. तो फोटो जोडलेला आहे. नदी तिथली आहे, बाई वेगळी आहे. तुम्ही आधी नागपूरला या. मी तुम्हाला ओरिजिनल दाखवते."



"बरं," तो म्हणाला. "उद्या अकराला येतो."

तासाभरात अंकुश आला. मेघानं सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं आधी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, मग उचलून पुन्हा हातात घेतलं.

"लोकायच्या घरची भानगड आहे. आपन काहून पडायचं? खरंच बिचाऱ्याची बायको हरवली असन तर?"

"तेल सांडलं, हे त्यानं न विचारता काहून सांगितलं?" विहंग म्हणाला.

त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला. व्हिडिओतला हात कुणी साफ केलेला नव्हता. तो एकेक चौकट पुढे नेत गेला, आणि हात वर उचलला गेला तिथे थांबून त्यानं चित्र मोठं केलं. तिघं पडद्याजवळ वाकले. एकाशेजारी एक अशा तीन पट्ट्या होत्या, सारख्या अंतरावर, सारख्या रुंदीच्या. मेघानं तो डाग वीस मिनिटं इतक्याच जवळून पाहिला होता, आणि तेव्हा तिला त्यात फक्त रंग दिसला होता.

"सांडलेल्या तेलाले अशी सरळ कड नसते," विहंग हळूच म्हणाला.

अंकुशनं खिशातून फोन काढला, आपण लिहिलेलं 'खापा' खोडलं, मग कव्हरही पानावरून काढून टाकलं, आणि रविवारी व्हिडिओ येणार ही ओळही.

"पोलिसात जायचं का?" मेघानं विचारलं.

"काय सांगशील? नवरा बायकोले शोधून राहिला म्हनून? ते पहिले तिलेच बोलावतीन, पत्ता विचारतीन." अंकुशनं हेल्मेट डोक्यात घातलं. "मी जातो खाप्याले. माहा मामा तिथंच राहते, त्याले माहीत असन ती कोनाकडे कामाले आहे ते. तुमी त्याले थांबवा."

त्या दुपारी मेघा सक्करदऱ्याला आत्याकडे गेली. आत्याचा बांधा साधारण त्या बाईसारखाच होता. हिरवी सुती साडी आत्याकडेही होती. मेघानं तिला गच्चीवर नेलं, टबात पाणी भरलं, जुनी ओढणी भिजवून हातात दिली आणि वाकायला सांगितलं.

"हे काय खूळ वं तुह्यं?" आत्या म्हणाली. "शेजारचे पाहून राहिले."

"कॉलेजचं काम आहे, आत्या. मान थोडी डावीकडे. अजून थोडी."

निघण्यापूर्वी विहंगनं कॅमेऱ्यातली तारीख जानेवारीवर नेऊन ठेवली होती, म्हणजे फोटो कव्हरच्या आधीचे दिसतील. मेघानं सव्वीस फोटो काढले. घरी परतून तिनं त्यातल्या एका फोटोतली आत्या कापून काढली आणि नदीवर ठेवली. पाण्याचे थेंब, सावली, दगडावरचा ओलावा, सगळं वेगवेगळ्या थरांत. इतक्या काळजीनं तिनं मूळ कव्हरही केलं नव्हतं. काम संपलं तेव्हा तिला दिसलं की आत्याचा कान मोठा आहे आणि खाली जरासा फाटलेला आहे. ती तो दुरुस्त करायला गेली आणि थांबली. आत्याच्या गच्चीवरच्या फोटोत आणि यात फरक पडून चालणार नव्हतं.

संध्याकाळी अंकुशचा फोन आला. बाई सापडली होती. सूत रंगवायच्या एका कारखान्यात कामाला होती, मागच्याच खोलीत राहत होती. नाव मीराबाईच.

"काय म्हणाली?"

"काही नाही. मी बोलून राहिलो होतो, अन् ती गोणीत भांडे भरून राहिली होती. उद्या दुपारच्या गाडीनं बसवून देतो तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा आणि विहंग चौकातल्या पोह्यांच्या दुकानात बसले. जागा विहंगनं निवडली होती आणि मेघानं देवानंदला कळवली होती. पुढे रस्ता, मागे भटारखाना, सगळीकडे माणसं. अकराला पाच मिनिटं कमी असताना पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक किरकोळ माणूस दारात उभा राहिला आणि त्यानं दोघांना नमस्कार केला. त्याच्या दुसऱ्या हातात एका मुलीचा हात होता.

फोनवर तो म्हणाला होता, पोरगी रडते. तो तिला घेऊन येईल हे मेघाच्या मनातही आलं नव्हतं.

मुलगी शाळेच्या गणवेशात होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, भांग अगदी सरळ.

"मीच घालतो वेण्या," मेघाची नजर पाहून तो म्हणाला. "शिकलो. काय करता? बस, मयुरा." त्यानं पोरीसाठी पोहे मागवले आणि वाढणाऱ्याला बजावलं, "तर्री कमी टाका जी. तिखट लेकराले सोसत नाही."

मेघाला वाटलं होतं, तो ओरडेल, धमकावेल, त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. काहीच दिसत नव्हतं. तो मुलीचा चमचा स्वतःच्या रुमालानं पुसत होता. आपलं चुकलं तर नाही ना, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं ती जास्तच घाबरली.

तिनं लॅपटॉप उघडला. आवाज सरळ ठेवत ती बोलत गेली. ही नदी. हा दगड. ही माझी आत्या, सक्करदऱ्याची. आता आत्याला काढलं, बघा, नुसती नदी राहिली. परत ठेवलं. हा आत्याचा गच्चीवरचा मूळ फोटो, ही खाली तारीख. तिची बोटं घामानं ओली झाली होती आणि पडद्यावरचा बाण मध्येच घसरत होता.

देवानंदनं आपल्या फोनमध्ये कव्हरचा फोटो साठवून ठेवला होता. त्यानं तो फोन लॅपटॉपच्या शेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. घाई नव्हती.

"कान वेगळा आहे," तो म्हणाला.

विहंगनं टेबलाखाली हलणारा पाय थांबवला.

"शेवटी कव्हरसाठी थोडं नीट केलं," मेघा म्हणाली. "आत्याचा कान फाटलेला आहे."

"तुमी कान नीट करता," तो म्हणाला. आवाज तसाच अदबीचा होता. "म्हंजे डागही पुसता येत असन."

मागे भटारखान्यात कढईत काहीतरी पडलं आणि चरचर झाली. मेघा मान हलवणार होती, हो म्हणून की नाही म्हणून, तिला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात त्यानं आपला फोन मुलीसमोर ठेवला आणि तिच्या मानेवर हात ठेवला. हलकेच, वेण्यांच्या मधोमध.

"मयुरा, पाह्य बरं. आई आहे का?"

मुलीनं चमचा खाली ठेवला आणि फोटोकडे पाहिलं. मेघानं कुणाला फोटोकडे असं पाहताना कधी पाहिलं नव्हतं. मुलीचा चेहरा हलत नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"नीट पाह्य."

"आईच्या हाताले डाग आहे. इथून इथपर्यंत." तिनं बोट फोनच्या काचेवर ठेवलं आणि त्या साफ हातावरून कोपरापासून मनगटापर्यंत ओढलं. मेघानं डाग जिथे सुरू होताना पाहिला होता तिथे बोट सुरू झालं आणि जिथे संपत होता तिथेच थांबलं. "हिले नाही. हे आई नाही."

मग तिनं मान वर केली आणि मेघाकडे पाहिलं. फार वेळ नाही. पुन्हा चमचा उचलून ती पोहे खाऊ लागली.

देवानंदनं तिच्या मानेवरचा हात काढला.

"पोरीले माहीत असते," तो म्हणाला आणि हसला. त्यानं फोन खिशात घातला. "तुमाले तरास दिला, ताई. तरी एखाद् दिवशी खाप्याले चक्कर मारीन. मन मानत नाही."

ते दोघं रस्ता ओलांडून गेले. मुलगी वळून पाहील असं मेघाला वाटत होतं. ती वळली नाही. बापाच्या पावलाशी पाऊल जुळवत ती चालत होती, जशी त्याची लांब ढांग तिला पाठ असावी.

विहंगच्या गाडीवर मागे बसून मेघा खाप्याला निघाली. तो आधी उलट दिशेला गेला, दोन गल्ल्या फिरला, एका पेट्रोल पंपावर उगाच थांबला.

"पाह्य मागं. आहे का कोनी?"

मेघानं पाहिलं. पांढरे शर्ट बरेच होते. सावनेरच्या रस्त्याला लागल्यावरही ती दर थोड्या वेळानं मागे वळत होती, आणि मागून येणारी मोटरसायकल पुढे निघून जाईपर्यंत तिच्यावरून नजर काढत नव्हती. वाटेत तिनं मनाशी ठरवलं. मुलीचं सांगायचं नाही. सांगितलं तर मीराबाई परत जाईल. डोळ्यांनी पोरगी पाहायला म्हणून जाईल आणि तिथेच राहील. तो एकटाच आला होता, एवढंच म्हणायचं.

कारखान्याच्या मागची खोली लहान होती. भिंतीला टेकवलेली भांड्यांची गोणी, एक पिशवी, गुंडाळलेली चटई. अंकुश दाराबाहेर उभा होता. मीराबाई उंबऱ्याच्या आत उकिडवी बसली होती. तिच्या नखांत निळा रंग होता आणि डाग उघडाच होता. ती कॅमेऱ्यातल्यापेक्षा वयानं लहान दिसत होती.

"आली का वं," ती म्हणाली. जणू मेघा नेहमीच येत असावी. "दाखव बरं. मी कशी दिसून राहिली ते तर पाहू."

मेघानं फोनमधलं कव्हर तिच्यासमोर धरलं. मीराबाईनं हात पदराला पुसून फोन घेतला.

"डाग कुठं गेला?"

"मी पुसला."

"काहून?"

मेघाकडे उत्तर होतं. अक्षरं नीट दिसावीत म्हणून. ते तिच्यानं बोलवलं नाही.

मीराबाईनं फोन परत दिला. "बरं झालं, पुसला तं. नाहीतर फोनच केला नसता त्यानं. इथं येऊनच उभा राह्यला असता." ती उठली, पिशवीची गाठ ओढून पाहिली. "कुठं जातो ते सांगत नाही तुले. तुह्याच भल्याचं आहे."

"माफ करा मला," मेघा म्हणाली.

मीराबाईनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती चटईची सुतळी बांधत होती. एक वेढा घातला, दुसरा घातला, आणि तिथे तिचे हात थांबले.

"एकटाच होता?"

मेघानं दाराकडे पाहिलं. अंकुश दुसरीकडे बघत होता. विहंग गाडीपाशी होता. हो म्हणायला एक अक्षर पुरणार होतं, आणि दोन दिवसांत तिनं याहून मोठं खोटं सहज बोलून दाखवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मयुरा होती."

सुतळी हातातून सुटली आणि चटई अर्धी उलगडली. मीराबाईनं ती उचलली नाही.

"त्यानं तिला फोटो दाखवला," मेघा म्हणाली. "विचारलं, आई आहे का. ती नाही म्हणाली. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हणाली."

मीराबाई भिंतीला हात लावून उभी राहिली. बाहेर कुणीतरी बादलीतलं रंगाचं पाणी नालीत ओतलं.

"तिनं ओळखलं मले," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"बसमध्ये उलटी होते तिले. झाली असन."

"पोहे खाल्ले तिनं. सगळे."

मीराबाईनं मान डोलावली. मग दुसऱ्याच कुणाला विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं,

"केवढी झाली?"

मेघाला नेमकी उंची आठवेना. मुलगी बसलेली होती तेव्हाची, मग उठून बापाच्या बाजूला उभी राहिली तेव्हाची, रस्ता ओलांडतानाची. तिनं हात पुढे केला, तळवा खाली करून, आणि अंदाज घेत वर नेला. छातीच्या जरा वर. तिथून दोन बोटं खाली आणला. तिथे थांबवला.

मीराबाई पुढे आली आणि त्या हातासमोर उभी राहिली. तळव्याखाली काहीच नव्हतं, ती तिथे पाहत होती. बाहेरून अंकुशनं हाक मारली की सावनेरची गाडी आली, निघायला पाहिजे. दुसऱ्यांदा हाक मारली.

मेघाचा खांदा भरून आला होता. तिनं हात खाली घेतला नाही.